जेल राहू द्या, बैल काढा

हसू नका बे, माही नोकरी पक्की व्हायची होती तवा! मी कॉलेजात इतिहासाचा मास्तर, अन् गावाचा इतिहास लिहून राह्यलो होतो. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. म्हणे, “सर, आमचे आजोबा स्वातंत्र्यासाठी जेलात गेलते, ते टाका.”

मी तहसीलीतलं जुनं दप्तर काढलं. जेल खरी निघाली, पण जानेफळच्या बाजारातून बैल चोरल्याची.

अध्यक्षांले कागद दाखवला. म्हणे, “जेल राहू द्या, बैल काढा. तुमची ऑर्डर माह्याच टेबलावर आहे.”

मी म्हटलं, “बैल कसा काढू साहेब? तो आमचाच होता. फिर्यादीवर माह्या आज्याचा अंगठा आहे.”

अध्यक्ष पाणी पेले अन् हळूच म्हणे, “मंग... बैल वापस भेटला होता न तुमाले?”