काकांच्या गॅरेजचं शटर

मिलला टाळं लागलं, बाबा घरी बसले, तेव्हा कॉलेज सोडायचा सल्ला मला सख्ख्या काकांनीच दिला होता. "हाताचं काम शीक. कामात कसली आलीय लाज?" मी शटरचं काम शिकलो. आता लाज कुणाला वाटली, ते ऐका.

परवा काकांचा राजेंद्र नगरहून फोन. गॅरेजचं शटर अर्ध्यात अडकलंय, नवी गाडी आत, पटकन ये. गेलो. दोन वर्षांत तेलाचा थेंब घातला नव्हता, दोन्ही बाजूंच्या खाचा गंजलेल्या. त्या घासत बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलीला बघायला पलासियाचे पाहुणे आले. पैसेवाली मंडळी, आमच्यासारखीच मराठी.

काका माझ्याकडे न बघता ओरडले, "क्यों भिया, और कितना टाइम लगेगा? जल्दी निपटाओ!"

जन्मात माझ्याशी हिंदी बोलला नव्हता हा माणूस. या हिंदी मुलखातही आमच्या घरात आपसात मराठीच, हिंदी कामवाल्यांसाठी असते.

मी शटर वर-खाली करून दाखवलं, हात पुसले आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "झालं, काका. रविवारी आजोबांच्या श्राद्धाला येतोच आहे, तेव्हा पुन्हा तेल घालीन."