पुढचा बाक

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोर म्हातारी आई, तिच्या एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, त्याच्या गळ्याशी चर्चच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, पांढरी पट्टी. मी मासिकात तोंड खुपसून ऐकत होते.

“दादा, रविवारी आईला पुढच्या बाकावरून का उठवलं?”

“हळू बोल गं.”

“तिला ऐकू येतं म्हणून इथे आलोय का आपण?”

“पाहुणे होते. चर्चचं छप्पर तेच घालून देणार आहेत.”

“आणि तू उपदेश कशावर केलास? बायबलच्या नव्या करारातल्या त्या पत्रावर! सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा नको, गरिबाला मागे ढकलू नका. काय रंगात आला होतास!”

“चर्चच्या सेवकांनी उठवलं तिला. मी व्यासपीठावर होतो.”

“डोळे काय घरी ठेवून आला होतास?”

“एका रविवारचा तर प्रश्न होता.”

“ती तुझे ओठ वाचते रे! खांबामागून काय वाचणार, कप्पाळ? आता म्हणते, यापुढे घरीच प्रार्थना करीन, त्याला माझी अडचण नको.”

“मला नाही बोलली.”

“तुला कशी बोलेल? तू साहेब!”

आईने मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“भांडू नका रे. बाळा, रविवारी काय सांगितलंस? मला मागे काहीच कळलं नाही.”

तो डॉक्टरांच्या बंद दाराकडे बघायला लागला.

“तिच्याकडे तोंड कर, दादा. आणि सावकाश सांग.”