रिकाम्या खोक्यांची मागणी

दातांच्या दवाखान्यात आकडेवारी खात्यातल्या बाई गाल धरून बसल्या होत्या. देशातली मंदी कधी हटेल, याचा अंदाज त्यांना उद्या द्यायचा होता. शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखानदार मेहुण्याशी बोलत होता.

"दाजी, कारखाना विकायचं ठरलं होतं ना?"

"थांब जरा. या महिन्यात खोक्यांची मागणी दुप्पट झालीय."

"पण बाजारात तर शुकशुकाट आहे!"

"अरे, माल भरायचा असल्याशिवाय रिकामी खोकी कोण मागवतं? बाजाराच्या आधी मला कळतं."

"मग कामावरून काढलेली माणसं?"

"बाराही जणांना सोमवारी बोलावलंय."

तेवढ्यात बाईंचा नंबर पुकारला.

"आजी, तुम्ही जा आधी," असं पलीकडे बसलेल्या आजींना म्हणत त्या कारखानदाराकडे वळल्या. "भाऊ, कोणकोण मागवतंय हो खोकी?"