गार खोलीतले चौदा कॅमेरे

मी, वय ५२ वर्षे, व्यवसाय औषधे पोचवणाऱ्या कंपनीत व्हॅनचालक, शिक्षण दहावी पास, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझे नाव वरच्या रकान्यात घेतले आहे. कंपनीत त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. मी सारखे अर्ज लिहितो म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

वरील पत्त्यावर मी पत्नी व मुलीसह राहतो. एकवीस वर्षे गाडी चालवतो. आजवर एकही अपघात नाही. परवा दुपारी माझी व्हॅन उतारावरून घरंगळली, तिने आमचे वॉचमन काका यांना धडक दिली आणि मॅनेजरसाहेबांनी जिवावर उदार होऊन आत उडी मारून हँडब्रेक ओढला, अशी तक्रार साहेबांनी या ठाण्यात दिली आहे. ती खरी ठरली तर माझे लायसन्स जाईल आणि मी आत जाईन.

आमच्या चौदा व्हॅन आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक व्हॅनच्या काचेला आतून कॅमेरा बसवला. चालक काय करतो यावर नजर राहावी, असा उद्देश होता. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असले की बंद गाडीत त्याच्या दीडपट होते. कॅमेरा तापला की त्यातली बाई सांगते, "तापमान जास्त आहे, कॅमेरा बंद होत आहे," आणि खरोखर बंद पडते. आम्हाला ती सोय नाही. काचेचा गोंद वितळून कॅमेरा चालत्या गाडीत मांडीवर पडल्याचेही प्रकार झाले. मी स्वतः दोनदा भाजलो आहे.

यावर साहेबांनी परिपत्रक काढले की, कॅमेरा गार ठेवणे ही चालकाची वैयक्तिक जबाबदारी आहे. सूर्याची जबाबदारी कोणाची ते लिहिलेले नव्हते. (हे वाक्य हवालदारसाहेबांनी गाळले होते, माझ्या विनंतीवरून पुन्हा लिहिले.) मग आम्ही जबाबदारी घेतली. कोणी कॅमेऱ्याला पांढरे कापड गुंडाळले, कोणी ओला रुमाल. एकाने तो औषधांच्या बर्फाच्या पेटीत ठेवला. कॅमेरा गार झाला तो कायमचाच; नवा त्याच्या पगारातून आला.

शेवटी साहेबांनी डोके चालवले. रोज दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत सर्व कॅमेरे काढून त्यांच्या केबिनमध्ये एसीसमोर ट्रेमध्ये ठेवायचे, प्रत्येकाला चार्जिंगची वायर लावायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. म्हणजे औषधांना बर्फ, कॅमेऱ्यांना एसी आणि चालकांना मागच्या भिंतीपलीकडचे एकुलते एक झाड. कॅमेऱ्यांची बडदास्त जावयासारखी होती. काकांना मात्र गेटवर पत्र्याची खोली होती. त्यांचे वय एकसष्ट. अकरा वर्षे आम्ही दोघे जेवणाचा डबा एकत्र खातो.

वायर लावली की हा कॅमेरा गार झाल्याबरोबर आपोआप रेकॉर्डिंग सुरू करतो, हे माझ्या गेल्या वर्षीच लक्षात आले. माझ्या कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर केबिनच्या छताचे अडीच तासांचे चित्रण निघाले. मी रीतसर अर्ज दिला की, सदर पद्धतीने कार्ड फुकट भरते आणि रस्त्यावरचे जुने चित्रण पुसले जाते. साहेबांनी अर्जावर लाल पेनने "मास्तरांनी शिकवणी घेऊ नये" असा शेरा मारून तो परत केला. तो अर्ज सोबत जोडत आहे.

परवा साडेबारा वाजता मी नेहमीप्रमाणे व्हॅन गेटजवळच्या उतारावर लावली, काचा उघड्या ठेवल्या, कॅमेरा ट्रेमध्ये ठेवून सही केली आणि झाडाखाली गेलो. सुमारे एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी साहेबांची हाक ऐकू आली, "अरे धावा, मास्तरच्या गाडीने काकांना उडवलं!" आम्ही धावलो. काका माझ्या व्हॅनपुढे काँक्रीटवर उताणे पडले होते. उजवा पाय वाकडा झाला होता. उचलताना ते पाठीला हात लावू देत नव्हते. मला म्हणाले, "मास्तर, हळू." मग त्यांची शुद्ध हरपली. आम्ही त्यांना माझ्याच व्हॅनमधून दवाखान्यात नेले.

हँडब्रेक मी ओढला होता का, असे मला या ठाण्यात त्याच दिवशी विचारण्यात आले. मी "आठवत नाही" असे सांगितले. ते खरे होते. रोज करायची गोष्ट कोणाच्या लक्षात राहते? पण त्या दिवसापासून मी तेवढेच आठवत बसलो. जेवताना, बोलताना माझा डावा हात हवेत हँडब्रेक ओढत होता. पत्नी म्हणाली, "अहो, बास करा, हात दुखेल." मी काकांचा पाय मोडला असे मी स्वतःच धरून चाललो होतो. त्यांच्या मुलीसमोर उभे राहायची माझी हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या जिन्यातून परत फिरलो.

आज सकाळी शर्ट धुवायला टाकताना पत्नीला खिशात माझा कॅमेरा सापडला. त्या दिवशी तीन वाजता सही करून घेतला होता, पण व्हॅन ठाण्यात जमा केल्याने तो काचेला लावलाच नाही. बाकीचे तेरा कॅमेरे दोन दिवस रस्त्यावर फिरले, त्यांचे जुने चित्रण पुसले गेले असणार. माझे राहिले. मुलीने कार्ड मोबाइलला लावले. आम्ही तिघांनी ते ऐकले.

चित्रणात पूर्ण वेळ केबिनचे छत दिसते. सुरुवातीला त्यातली बाई सांगते, "तापमान सामान्य आहे, रेकॉर्डिंग सुरू." पाठोपाठ ट्रेमधल्या बाकीच्या बायाही एकेक करून तेच सांगतात. केबिनमध्ये रोज हे चालते, त्यामुळे कोणी कान देत नाही. एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दार आपटते. पुढील आवाज साहेबांचा व आमच्या क्लार्क मॅडमचा आहे, तो मी ओळखतो.

साहेब : कॅमेरे सगळे इथेच आहेत ना?

मॅडम : हो सर, चौदाच्या चौदा. काय झालं?

साहेब : गेटपाशी माझी गाडी मागे घेत होतो, म्हातारा मध्येच आला. दार लाव आधी, गार हवा बाहेर जातेय.

मॅडम : अहो सर, काका तिथे तापलेल्या काँक्रीटवर पडलेत! उचलायला हवं ना त्यांना!

साहेब : थांब जरा. काय सांगायचं ते ठरवू दे. मास्तरची गाडी उतारावर आहे ना? हँडब्रेक ओढला नव्हता. झालं.

मॅडम : मी जाते बाहेर.

साहेब : नोकरी नकोय का? बस खाली.

त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ फक्त एसीचा आवाज आणि मॅडमचे रडणे. साहेब फोनवर कोणाला तरी स्वतःच्या गाडीचा मागचा बंपर आजच बदलायला सांगतात. दार पुन्हा उघडते तेव्हा एक वाजून बावन्न मिनिटे झालेली आहेत. म्हणजे अकरा मिनिटे. मागची भिंत आणि गेट यांत शंभर पावलेही नाहीत. हाक मारली असती तर मी अर्ध्या मिनिटात पोचलो असतो.

सदर कार्ड व कॅमेरा मी आज स्वखुशीने हजर करत आहे. कार्ड कृपया उन्हात ठेवू नये.

येताना मी दवाखान्यात गेलो. आज जिना पूर्ण चढलो. काका अजून औषधांच्या गुंगीत आहेत, त्यांचा जबाब व्हायचा आहे. डॉक्टरांच्या कागदात दोन दुखापती लिहिल्या आहेत : उजव्या पायाचे हाड मोडले आणि पाठ भाजली. पायाचे कारण साहेबांनी तक्रारीत दिले आहे. पाठीचे दिलेले नाही, कारण हँडब्रेक न ओढल्याने कोणाची पाठ भाजत नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला पंखा बंद करून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. काकांच्या पाठीचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. ते बरोबर आहे.