ज्याचं खाल्लं त्याचा ठराव

...आणि वरून मलाच म्हणतात, "काकू, तुम्ही काहून मधे पडून राहिल्या?" घ्या! मी मधे पडून राहिली! अहो, आमची आणि विनीताची भिंत एक, नळाची लाइन एक, गच्चीला लागून गच्ची. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात, माझ्या घरची भांडणं तिला ऐकू जातात, यात मधे पडायला जागा तरी उरली आहे काय? मला काय करायचंय, मी आपली शेजारीण! पण डोळ्यांसमोर जे होऊन राहिलं ते दिसतंच ना? का डोळे भाड्याने देऊन टाकू?

तुम्हाला सांगते, आमची कॉलनी जबलपूरच्या पार टोकाला, परियट नदीच्या अंगाला. बहुतेक फॅक्टरीतून रिटायर झालेली माणसं. कॉलनी संपली की तलैया. म्हणजे तळंच हो, लहानसं, काठाला बेशरमची झुडपं. आणि त्या तळ्यात मगर! हसू नका. परियटच्या मगरी आमच्याही आधीपासूनच्या इथल्या, त्यांतलीच ही एक मादी, सगळे तिला बड़ी अम्मा म्हणतात. काठावर पडलेली असते, जबडा उघडा टाकून, तासन्‌तास. तुम्हाला वाटतं, लाकडाचा ओंडका आहे. मग तुम्ही जरा दुसरीकडे बघता, परत बघता... तर ओंडका नाही. फक्त पाणी. आणि ते पाणी हलत पण नाही हो! आमच्या इकडची कुत्री त्या काठावर भुंकत नाहीत. उगाच नाही भुंकत.

तर ह्या बड़ी अम्मासाठी एक ट्रस्ट आहे. परियट मगर-मित्र न्यास. तळं सरकारचं, पण देखरेख न्यासाची. न्यासाने लेखी दिलं की "आम्हाला झेपत नाही, मगर दुसरीकडे न्या," की तळं मोकळं. आणि मोकळ्या तळ्याचं जबलपुरात काय होतं हे मी सांगायला पाहिजे काय? बावन्न ताल होते म्हणे आपल्या गावात. जा चेरीतालला, शोधा ताल! दुकानं सापडतील, ताल नाही सापडणार.

न्यासात ट्रस्टी पाहिजेत पाच. कागदातच लिहिलंय, पाच नसले तर न्यास बंद. पगार नाही, भत्ता नाही, फुकटची सेवा. आमच्याकडे होते चार. अध्यक्ष नारायणराव, वय झालेलं, बैठकीत अर्धा वेळ झोपलेले. ममतादीदी, दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. बंडू, रेल्वेत तिकीट-खिडकीवर बसतो. आणि सचिव आमची विनीता. शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवते, लग्न केलं नाही, आणि अकरा वर्षं झाली, त्या मगरीच्या मागे पोरीने सगळ्या सुट्ट्या उन्हात काढल्या. पाणी आटलं की टँकर मागव, कोणी दगड मारले की त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांग. मी म्हणायची, "अगं, एवढं कोणी माणसासाठी नाही करत." तर म्हणते, "माणसासाठी करणारे पुष्कळ आहेत काकू." चलो, ठीक आहे. मला काय करायचंय, मी आपली शेजारीण!

पण यांची एक रीत तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण सगळं मरण त्या रीतीत आहे. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या घरी. आणि ज्याच्या घरी बैठक, त्याचा ठराव पास! हे कुठे लिहिलेलं नाही. पण आता तुम्हीच सांगा, ज्याच्या घरचे पोहे पोटात, त्याच्याच सोफ्यावर बसून त्याच्याविरुद्ध कसं बोलायचं? बंडू म्हणतो, "काकू, नमक की बात है." बंडूकडे पोहे खाल्ले, तर तळ्यावरचा बोर्ड निळा झाला, कारण त्याच्याकडे निळा रंग उरला होता. ममतादीदीकडे साबुदाण्याचे वडे झाले, तर तिथे फिनेल टाकायचं ठरलं. मगरीच्या तळ्याला फिनेल! विनीताने दोन दिवस हातापाया पडून थांबवलं. आणि विनीताकडे बैठक असली की काय? चहा आणि मारी बिस्किट! तिने ठराव मांडला, तळ्याला चारही बाजूंनी जाळी लावा. बिस्किटांवर कितीसं पास होणार? तीन बाजूंनी पास झालं.

चौथी बाजू उघडी. ध्यानात ठेवा.

आता पाचवा ट्रस्टी आणायचा कुठून? कोणाला विचारलं की त्याची सासू आजारी! जोशींना विचारलं, ते सिहोऱ्याला निघून गेले, अजून आले नाहीत. सरकारी चिठ्ठी आली, पाचवा भरा नाहीतर न्यास बंद. नारायणराव रडवेले झाले. आणि अशात एक दिवस, भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, विनीताकडे बैठक चालू असताना, एक माणूस आपणहून चालत आला.

आपणहून! तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत आपणहून ट्रस्टी व्हायला आलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नाही, घामाचा थेंब नाही. चपला दाराबाहेर काढल्या त्या सुद्धा एका रेषेत. आवाज तर असा मऊ, जसं काही घरात कोणी आजारी आहे. "मैं आलोक. सेवा का मौका चाहिए, बस." नारायणरावांनी तर त्याचा हातच धरून ठेवला, पळून जाईल म्हणून! कोणी एक शब्द विचारला नाही. मीच विचारलं. म्हणजे मी साखर मागायला गेले होते, सहज उभी होते दारात. म्हटलं, "भैया, करते क्या हो?" तर माझ्याकडे बघितलं. डोळे हसत नाहीत हो, फक्त तोंड हसतं. म्हणाले, "कुछ नहीं आंटीजी, थोड़ी ज़मीन का काम है."

थोड़ी ज़मीन! तळ्यापलीकडची सगळी! तळं मधे आहे म्हणून तिला रस्ता नाही, एवढीच अडचण. मी संध्याकाळी विनीताला म्हटलं, "अगं, ज्याला बकरी खायची तोच बकऱ्या राखायला आला!" ती पेपर तपासत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "माहीत आहे काकू. पण तो नाही घेतला तर पाच होत नाहीत, आणि पाच नाही झाले तर आजच संपलं." आवाज असा कोरडा की मी आपली घरी परत आले. साखर तशीच राहिली. मला काय करायचंय, मी आपली शेजारीण!

आल्या आल्या आलोकजींनी काय केलं असेल? काहीच नाही! हीच तर भीतीची गोष्ट. जबडा उघडा टाकून पडून राहिले. एक बैठक झाली, दुसरी झाली, शब्द नाही. फक्त बघून राहिले, कोण काय खातं, कोण कशाला हात वर करतं. रीत सगळी डोळ्यांनी पिऊन घेतली. मग हळूच म्हणाले, "आप सब बुज़ुर्ग लोग क्यों तकलीफ़ करते हैं? बैठक मेरे यहाँ रख लीजिए." त्यांचा हॉल पाहिला काय तुम्ही? एसी असा की नारायणरावांना शाल दिली. आणि समोर खोव्याची जिलेबी! काळीभोर, गरम, तूप निथळणारी. आपल्या जबलपूरची खोव्याची जिलेबी तोंडात असताना माणूस नाही म्हणू शकतो काय? 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागतं हो!

ठराव पहिला: चौथ्या बाजूला जाळी नको, हवा येऊ द्या. पास. पुढच्या वेळी: तिकडे मुरमाचे ट्रक उभे राहू द्या, "सिर्फ़ खड़े रहेंगे." पास. विनीता एकटी हात खाली ठेवून बसली, जिलेबीला शिवली नाही. आणि लिहिलं काय? सर्वानुमते! ती म्हणाली, "नारायणराव, मी विरोध केला ना?" तर नारायणराव बोटं चाटत म्हणतात, "विनीता, तू खाल्लंच नाहीस, तर तुझं मत धरायचं कसं?"

आणि ते ट्रक! सिर्फ खड़े रहेंगे म्हणाले होते ना? मी रोज गच्चीवरून पापड वाळवताना पाहते. काल झुडपाच्या अलीकडे होता तो आज पलीकडे. कोणी चालवताना दिसत नाही, आवाज येत नाही, पण सकाळी बघावं तर ट्रक हातभर पुढे! तिकडे काठावर बड़ी अम्मा, इकडे ट्रक, दोघंही हलत नाहीत, आणि दोघांमधली जागा मात्र कमी होऊन राहिली.

मग ती बैठक झाली. विनीता घरी आली ती सरळ माझ्या पायरीवर बसली. चेहरा पांढरा. मी पाणी दिलं तर हातात धरूनच बसली. म्हणाली, "काकू, आलोकजींनी मांडलंय, मगर हलवायची. पुढच्या बैठकीत पक्कं करणार." म्हटलं, "मग?" तर म्हणते, "तिने अंडी घातली आहेत. त्या चौथ्या बाजूच्या रेतीत. फुटायलाच आली आहेत. तिला उचललं की दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम पडेल." मग पेला खाली ठेवला. "आतून आवाज येतो काकू, बाहेर निघायच्या आधी. पिल्लं आतून हाका मारतात. आईने ऐकलं तर ती उकरते. आई नसली तर..." पुढचं ती बोलली नाही. मी पण विचारलं नाही. आणि मी न विचारणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

तिने धीर करून आलोकजींना फोन लावला, "जुन्या रीतीने पुढची पाळी माझी, बैठक माझ्या घरी." मी शेजारीच उभी होते, फोन मोठ्या आवाजावर होता, आता त्याला मी काय करू? तिकडून तोच मऊ आवाज: "ज़रूर दीदी. आपका घर, अपना घर. नाश्ता मैं ले आऊँगा."

नाश्ता मैं ले आऊँगा! घर हिचं, खाणं त्याचं! विनीताने फोन ठेवला आणि म्हणाली, "संपलं."

आता इथे मी मधे पडले. कबूल! म्हटलं, "उठ, चण्याची डाळ भिजव." ती म्हणते, "काकू, हे बरोबर नाही. लोकांना पटवून मत मिळवायचं असतं." म्हटलं, "अगं, अकरा वर्षं पटवलंस ना? आता वाढ!"

गोळा-भात केला. आमच्या माहेरचा, नागपूरकडचा. डाळीचे गोळे भातात वाफवलेले, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, चिंचेचं सार, वर तळलेली मिरची. आणि तिघांना निरोप दिला, बैठकीच्या आधी जेवायलाच या. नारायणराव पहिल्या घासाला जागे झाले ते जागेच राहिले! ममतादीदी म्हणाल्या, "शुगर आहे, एकच गोळा," आणि चार खाल्ले. बंडूने पट्टा सैल केला. मी वाढत होते, विनीता दाराकडे बघत होती.

चपला काढल्याचा आवाज आला. एका रेषेत.

आलोकजी आले. हातात जिलेबीचा मोठा डबा. त्यांनी ताटं पाहिली, भिंतीला टेकलेला बंडू पाहिला. डबा उघडला, वास सुटला. कोणी हात पुढे केला नाही! कोणाला करताच येत नव्हता! आलोकजींनी झाकण परत लावलं. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आंटीजी, मेरी थाली?"

ताट लावायचं मनात नव्हतं हो. पण दारी आलेल्याला नाही कसं म्हणू? वाढलं. खाली मांडी घालून बसले, सावकाश, एकेक गोळा फोडून, सार पिऊन, शीत न शीत निपटून खाल्लं. विनीताने ठराव वाचला, मगर हलणार नाही, ट्रक जातील, चौथी बाजू बंद. नारायणरावांचा हात वर. ममतादीदींचा. बंडूचा, अर्धाच, पूर्ण उचलवेना. आणि आलोकजींनी, तुम्हाला सांगते, आलोकजींनी हात धुतला, पुसला, आणि वर केला!

"खाया है, तो निभाऊँगा," म्हणाले. आणि हसले. "अगली बैठक मेरे यहाँ."

त्या आठवड्यात पिल्लं निघाली. विनीताने मला गच्चीवरून दाखवलं, बड़ी अम्मा रेती उकरत होती, आणि तो जबडा, तोच जबडा, त्यात एकेक पिल्लू धरून पाण्यात नेऊन सोडत होती, जसं काही काचेचं सामान. विनीता रडली. मी पण जरा. आलोकजींनी शब्द पाळला, ट्रक गेले. म्हणजे तळ्यावरून गेले. मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे आहेत, रांगेत, तोंडं इकडे करून.

आणि विनीताकडच्या त्याच बैठकीत, पान खाता खाता, नारायणराव म्हणाले, "मी थकलो, माझ्या जागी ह्या शेजारच्या बाईंना घ्या." विनीताचं घर, माझा भात, कोण नाही म्हणणार? सर्वानुमते! मी म्हटलं, "अहो, पण किती दिवसांसाठी?" तर म्हणे आजीव. म्हणजे? म्हणजे मरेपर्यंत. आता दर बैठकीच्या आधी मी या सगळ्यांना माझ्या घरी जेवू घालते आणि मग भरल्या पोटी आलोकजींकडे जिलेबी न खायला नेते. आणि आलोकजी? कधी चिडत नाहीत. रस्त्यात भेटले की थांबतात. "आंटीजी, घुटने कैसे हैं? बी.पी. की गोली ले रही हैं न?" माझ्या तब्येतीची एवढी चौकशी माझ्या पोरांनी केली नाही हो! परवा तर विचारलं, "घर में यह गोला-भात और किसी को आता है क्या?"

मी विनीताला म्हटलं, "अगं, मगर किती वर्षं जगते?" म्हणाली, "साठ-सत्तर सहज." आलोकजी चाळिशीत. माझं काय आहे ते डॉक्टरला माहीत. म्हटलं, "बाई, मला यातून सुटायचं झालं तर?" तर ती शाळेतल्या आवाजात म्हणते, "बैठकीत ठराव लागेल काकू."

आणि पुढची बैठक आलोकजींकडे आहे हो... तिथे लगेच पास होईल, आणि ट्रस्टी उरतील चार!