मोटारसायकलच्या मागच्या सीटवरील वजनाबाबत

नाव व पूर्ण पत्ता वेगळ्या कागदावर लिहून घेतला आहे. वय चौतीस वर्षे, धंदा नोकरी, कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये. राहणार आईसोबत, तळमजल्यावर, घराला लागून पत्र्याची शेड.

मी आज स्वतःहून ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या मागच्या गल्लीत राहणारे काका काल दुपारी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून फेरी मारायला आले आणि परत पोचले नाहीत. काका पाण्याच्या पंपहाऊसमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचे-माझे नाते नाही आणि वैरही नाही. कालपर्यंत मी त्यांना फक्त तोंडओळखीने ओळखत होते. तक्रार मीच देत आहे, कारण त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तक्रार द्यायला तयार नाहीत.

सदर मोटारसायकल मी गेल्या वर्षी भंगारवाल्याकडून घेतली. घेतली म्हणजे सांगाडा आणि इंजिन, एवढेच. लॅब लांब आहे आणि संध्याकाळची बस कधी येईल याचा नेम नसतो. नव्या गाडीची ऐपत नव्हती. आई म्हणाली, "लोक घरात सोनं आणतात, तू गंज आणलास." भंगारवालाही हसला. जमणार नाही असे कोणी म्हटले की मी हट्टाला पेटते, हा माझा स्वभाव आहे आणि तो जबाबात लिहून घेतला तरी माझी हरकत नाही.

मला या कामातले ओ की ठो माहीत नव्हते. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी एकेक गोष्ट शिकले आणि त्याआधी ती एकदा बिघडवली. वायरिंग केले तेव्हा हॉर्न दाबला की पुढचा दिवा लागायचा. किक उलटी बसून नडगी सुजली. कार्बोरेटर उघडला आणि त्यातली एवढीशी स्प्रिंग उडून कुठे गेली ती आईला दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यामागे सापडली. तरी सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी खूश नव्हते. लॅबमधून आले की चहा घेऊन सरळ शेडमध्ये जायचे आणि हात काळे होईपर्यंत बाहेर यायचे नाही.

मला असे विचारण्यात आले की, बाकीचे भाग मॉडेल पाहून का घेतले नाहीत. त्यावर माझे म्हणणे असे की, मॉडेल पाहायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. मला दात बसवणे ठाऊक आहे. आमच्याकडे खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा असतो, आणि वरचा दात त्यावर ठेवून मध्ये निळा कागद घालतात. कागदाचा रंग जिथे उमटतो तिथे दात लागतो. जुन्या दाताची झीज समोरच्या दातावर असतेच, म्हणून कुठला दात कुणासमोर होता ते हाताला कळते. मी गाडीचेही तसेच केले. जिथे जिथे भाग निघालेला होता, तिथल्या झिजलेल्या कडांचे मेणात माप घेतले, प्लास्टरचे साचे केले आणि ते पिशवीत घालून भंगाराच्या दुकानांतून हिंडले.

टाकी एका गावाला मिळाली, हँडल दुसऱ्या. मागचा मडगार्ड मिळाला तो एका वीटभट्टीजवळच्या दुकानात, सायलेन्सर बाजारामागच्या गोदामात. एकाच दुकानात दोन भाग मला कधीच मिळाले नाहीत. साचा लावून पाहिला की बहुतेक भाग डुगडुगायचे, ते मी परत ठेवायचे. जो घेतला तो असा बसला की मध्ये निळा कागदसुद्धा सरकू नये. दुकानदार मला वेडी समजायचे. एकाने तर विचारले, "ताई, गाडीची कवळी करताय का?"

आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी वाकून वाकून पाहिली. तो म्हणाला, "दुसऱ्या गाडीचा भाग लावला की लागतो, पण कुरकुरतो. इथे काहीच कुरकुरत नाहीये. हे सगळं या एकाच गाडीचं आहे. तुम्ही हे शोधलंत कसं?" मला ते कौतुक वाटले. मी फुशारून गेले आणि आईला दोनदा सांगितले.

सीट सर्वांत शेवटी मिळाली. तिच्या लोखंडी पट्टीची झीज सांगाड्याच्या झिजेशी तंतोतंत जुळली. स्पंज कुजलेला होता, म्हणून मी नवा स्पंज घालून नवे रेक्झिन शिवून घेतले. सीट फुगलेल्या उशीसारखी दिसत होती. सकाळी शेड उघडली तर मागच्या भागाला खळगा पडलेला होता. शेडला कुलूप होते आणि आईचा गुडघा दुखतो, ती गाडीवर चढणार नाही. स्पंज हलका निघाला असे समजून मी दुकानदाराला चार शब्द सुनावले. त्याने बदलून दिला, त्यालाही तसाच खळगा पडला.

काल सुट्टी होती. दुपारी गाडी पहिल्यांदा नीट चालू झाली आणि बंद न पडता चालत राहिली. मी आनंदाने रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आई दारात येऊन उभी राहिली. त्याच वेळी काका गल्लीतून जवळजवळ धावत आले. पायांत चपला नव्हत्या. ते शेडच्या दारात थांबले आणि गाडीकडे न बघता आधी माझ्याकडे बघत राहिले.

ते म्हणाले, "हिला कोणी जोडलं?"

मी म्हणाले, "मी. का हो काका?"

"एकटीने?"

"हो. अजून ब्रेक थोडा ओढतोय, पण चालते."

त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग म्हणाले, "आमच्या घरची आहे ही. माझा मुलगा होता ना, त्याची. मला एक फेरी मारून आणशील?"

आई दारातून म्हणाली, "अहो, चहा तरी घ्या." ते म्हणाले, "आल्यावर घेतो वहिनी." मी म्हणाले, तुम्हीच चालवा, तुमचा हात बसलेला असेल. त्यावर ते मोठ्याने म्हणाले, "नाही! मी मागेच बसणार." मला त्यांचा आवाज खटकला, पण म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून मी पुढे बसले.

आम्ही गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो आणि नदीवरच्या पुलावरून पंपहाऊसपर्यंत गेलो. ऊन स्वच्छ होते, रहदारी तुरळक होती. काकांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. ते मला शिकवत होते, "आता दुसरा टाक. क्लच हळू सोड, घाई काय आहे?" परत फिरलो तेव्हा पुलावर त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मी त्यांना विचारले, नीट बसलात ना? ते म्हणाले, "हो हो. तू पुढे बघ." त्यानंतर ते माझ्याशी बोलत नव्हते. दुसऱ्याच कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. मला वाटले, मोबाइल असेल.

गाडी शेडसमोर आणेपर्यंत ते बोलणे चालू होते. काका हसल्याचेही मी ऐकले. आई दारात होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता. मी इंजिन बंद केले. बोलणे अर्ध्या शब्दावर थांबले. मी मागे वळले तर सीटवर कोणी नव्हते.

आईचा जबाब वेगळा घ्यावा. तिचे म्हणणे असे की, गल्लीच्या तोंडापासून मी एकटीच येताना दिसत होते. मी तशीच पायी पुलापर्यंत पळत गेले. रस्त्यावर, कठड्याखाली, पाण्यात कुठेही काही नव्हते. पुलावरच्या फळवाल्याने सांगितले की, जाताना गाडीवर दोघे होते आणि येताना तुम्ही एकट्या होतात, पण कोणी पडलेले त्याने पाहिले नाही. परत येऊन गाडी स्टँडवर चढवायला गेले तर मला चढवेना. मागच्या स्प्रिंगा कोणी बसल्यावर दबतात तशा दबलेल्या होत्या. मला तेव्हा अतिशय भीती वाटली.

मी काकूंना सांगायला गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी सगळे सांगून संपवले तरी त्यांचे हात चालूच होते. मग त्या म्हणाल्या, "गाडीचा आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं. मी यांना धरून ठेवायला हवं होतं. पण खरं सांगू, मी धरलं नाही."

काकूंनी मला पुढीलप्रमाणे सांगितले. गाडी मुलाची होती. काही वर्षांपूर्वी एके दिवशी ती काका चालवत होते आणि मुलगा मागे बसला होता. घराच्या दारापर्यंत तो मागून बोलत होता. काकांनी इंजिन बंद केले आणि मागे कोणी नव्हते. पुष्कळ शोध झाला. मग काकांनी स्वतःच्या हातांनी गाडी खोलली आणि एकेक भाग वेगळ्या गावाला नेऊन टाकला, ती पुन्हा कधी उभी राहू नये म्हणून.

मी विचारले, "मग काकू, ते स्वतः कशाला बसले हो?"

त्या म्हणाल्या, "रोज म्हणायचे, पुढे बसलेल्याला काय कळणार? मागे मी बसायला हवं होतं." मग त्यांनी मला विचारले, "येताना गाडी जड लागली ना गं?"

मी हो म्हणाले.

"एकाएवढी, की दोघांएवढी?"

मी उठून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "मला नेशील एकदा?" मी हात जोडून नाही म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही, उलट मला पाणी दिले. त्यांनी एवढ्यावर सोडून दिले याचीच मला धास्ती वाटली, म्हणून आज सकाळी मी ठाण्यात आले.

गाडी आपल्या हवालदारांनी शेडमधून ठाण्यात आणली. ती ढकलायला तीन माणसे लागली. हवालदार म्हणाले, "एवढीशी गाडी, आत शिसं भरलंय का?" चावी मी साहेबांच्या टेबलावर दिली आहे. काकूंना बोलावणे धाडलेले नव्हते. त्या चालत गाडीच्या मागोमाग आल्या.

माझी विनंती एवढीच आहे की, गाडी आजच खोलावी आणि तिचे भाग एकत्र ठेवू नयेत. ते काम मी स्वतः करीन, मजुरी नको. एवढ्या मेहनतीने जोडलेली वस्तू तोडताना माझ्या पोटात तुटेल, पण मीच तोडीन. माणूस गेला आहे आणि तो माझ्या हुशारीमुळे गेला आहे. दुसऱ्या गाडीचा भाग लावला असता, कुरकुरला असता, तर काका आज घरी चहा पीत असते.

जबाब देताना मला खिडकीतून आवार दिसत आहे. काकू गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या आहेत. त्यांना उतरवावे असे मी आत्तापर्यंत वारंवार सांगितले. बाकावर जागा नाही, गाडी बंद आहे, म्हातारी बाई बसली तर बसू दे, असे मला सांगण्यात आले.

आत्ता इंजिन चालू झाले आहे. चावी टेबलावरच आहे, ती लेखनिकांनीही पाहिली. काकूंचे बोलणे ऐकू येत आहे. शब्द कळत नाहीत, पण लहान मुलाला रागावल्यासारखे आणि मध्येच हसल्यासारखे वाटते. मला बाहेर जाऊ द्या असे मी म्हणाले. जबाब वाचून सही झाल्याशिवाय उठता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. बाहेरच्या आवाजामुळे त्यातला बराचसा भाग ऐकू आला नाही. शेवटचा परिच्छेद मात्र स्पष्ट ऐकू आला, कारण तोपर्यंत इंजिन बंद झाले होते आणि काकूंचे बोलणे अर्ध्या शब्दावर थांबले होते. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.