बावीस नंबरच्या गाडीचा डावा कोपरा

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वाहन विभागाचे माननीय अधीक्षक साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, आपल्या वर्कशॉपचे निवृत्त फोरमन साहेब. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, या आवारात सगळेच ज्यांना ‘काका’ म्हणतात ते आपले ज्येष्ठ चालक. पहिल्या रांगेतल्या काकू. आणि माझ्या सर्व वरिष्ठ नि सहकारी बंधुभगिनींनो,

आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक घडीपत्रिका ठेवलेली आहे. ती मी लिहिली आहे. पुढे बोलण्याआधी तिच्यातलं एक वाक्य मला दुरुस्त करायचं आहे. पान दोन, वरून सहावी ओळ. ‘काकांनी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या इच्छेने रस्त्यावरची गाडी सोडून आवारातलं काम मागून घेतलं.’ हे खरं नाही. याला चूक म्हणायलाही मला संकोच वाटतो, कारण चूक नकळत होते. हे लिहिताना मला माहीत होतं. काका ‘असंच लिही’ म्हणाले आणि मी लिहिलं. ज्यांच्याकडे पेन असेल त्यांनी ती ओळ कृपया खोडावी.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी रेकॉर्ड रूममध्ये असते. तिथे रजिस्टरं बोलत नाहीत, त्यामुळे माझंही निभावून जातं. आज मला फक्त या टेबलावरच्या गाडीबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मी गाडीबद्दलच बोलणार आहे. फक्त पाच मिनिटांत होईल की नाही, ते सांगता येत नाही.

तर ही गाडी. आपली बावीस नंबरची पोलीस व्हॅन. गेल्या वर्षी ती भंगारात गेली. हे तिचं मॉडेल खेळण्यातल्या ठोकळ्यांचं आहे, एकावर एक दाबून बसवायचे असतात ते. कुठेही गोंद नाही, रंग नाही, कापाकापी नाही. मघाशी फोरमन साहेबांनी विचारलं, “चालू होते का गं?” मी म्हटलं, “नाही साहेब.” तर म्हणाले, “मग अगदी आपल्या वर्कशॉपमधलीच आहे!” साहेब, आपण निवृत्त आहात, म्हणून सगळे मोकळेपणाने हसले.

या ठोकळ्यांवर जी गोल टेंगळं असतात, त्यांना आमच्या घरात ‘दाणे’ म्हणत. इथे एक दाणा म्हणजे खऱ्या गाडीचे साडेनऊ सेंटिमीटर. लांबी बावन्न दाणे. खिडक्यांच्या जाळ्या कुंपणाच्या तुकड्यांच्या आहेत. टपावरचे लाल-निळे दिवे एकेक दाण्याचे. मागची पायरी उजवीकडे किंचित झुकलेली आहे, कारण खऱ्या गाडीचीही तशीच होती आणि काका त्यावर बसून डबा खायचे. मला सात महिने लागले, सुटीच्या दिवशी दुपारी. एका गोष्टीचा मात्र फार त्रास झाला. मागचं दार बसवताना एकाने बिजागरी धरायची असते आणि दुसऱ्याने दार दाबायचं असतं. दुसरं कोणी नव्हतं. मी रबरबँड लावला, मग पुस्तकं रचून बघितली, शेवटी बिजागरी दातात धरली. जवळून पाहिलंत तर दाताची खूण दिसेल. तेवढं एक या गाडीत जास्तीचं आहे.

आता हे ठोकळे माझ्याकडे कसे आले, ते सांगते.

माझे बाबा इथेच भांडारपाल होते. नव्यांपैकी अनेकांनी त्यांना पाहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. भांडाराच्या मागच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहायचो. आई मला आठवत नाही. मला दम लागायचा, शाळा लांब होती, म्हणून चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. सकाळी भांडार उघडायच्या आधी गणित, संध्याकाळी लेखन. चुकलेला शब्द खोडायला परवानगी नव्हती. त्याच्यावर एक रेघ मारायची, खाली बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. ही भांडाराच्या रजिस्टरची रीत. मला वाटायचं, सगळ्या जगात मुलं अशीच लिहितात. पाचवीत शाळेत गेले तर पहिल्या दिवशी हजेरीला ‘हजर’ म्हणायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या वर्गात पट एकाचाच होता, तो गैरहजर कसा असेल? मुली हसल्या. पुढे कधी त्यांच्यात मिसळणं जमलं नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता.

माझ्या बरोबरीचं या आवारात कोणी नव्हतं. होते ते काका. तेव्हा ते बावीस नंबरवर होते, लांबच्या बंदोबस्तावर जायचे. परत आले की खिडकीतून हाक मारायचे, “मोजणीसाहेब, आहात का?” मी सगळं मोजायची म्हणून हे नाव. मग आज रेल्वेची किती फाटकं लागली, किती पूल लागले, कुठल्या वळणावर म्हशी बसल्या होत्या, हे सांगायचे. मी वहीत लिहून घ्यायची. एकदा त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरून हे ठोकळे आणून दिले. काकूंच्या भाच्याने टाकून दिलेले. काय आणि कसं बनवायचं त्याचा कागद हरवलेला. मी म्हटलं, “काका, याचं काय करायचं?” ते म्हणाले, “कागद कशाला? बाहेर गाडी उभी आहे. बघ आणि बनव.”

मी बघायला लागले. चाकाला किती नट, जाळीला किती चौकोन. आणि एका दुपारी मला डॅशबोर्डवरची बटणं मोजायची होती.

काका, कृपया मान हलवू नका. मी बोलणार आहे.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काका चहाला गेले होते. भांडाराच्या दाराशेजारी किल्ल्यांची फळी होती, माझा हात पोचेल इतकी खाली. बाबा आत माल उतरवून घेत होते. मी बावीस नंबरची किल्ली घेतली, दार उघडलं, चालकाच्या सीटवर बसले. अकरा बटणं होती. मग मला वाटलं, हा गिअरचा दांडा कितव्या खाचेपर्यंत जातो, तेही बघावं. त्यानंतर हँडब्रेक. गाडी उतारावर उभी होती. ती हळूच, अजिबात आवाज न करता पुढे निघाली आणि पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याला जाऊन टेकली. ‘टेकली’ हा तेव्हाच्या माझ्या मनातला शब्द आहे. प्रत्यक्षात पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात चार बोटं आत गेला.

काका धावत आले. मला उचलून खाली ठेवलं. कुठे लागलं का ते पाहिलं. किल्ली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, “घरी जा. तेराचा पाढा म्हण. गाडीला काही झालेलं नाही, रंग लावला की संपलं.” मी घरी गेले, तेराचा पाढा म्हटला. आणि सतरा वर्षं मला खरंच वाटत होतं की संपलं.

त्यानंतर काका लांबच्या बंदोबस्तावर गेले नाहीत. शेडमधून धुण्याच्या रॅम्पवर, रॅम्पवरून पुन्हा शेडमध्ये. सतरा वर्षं. मी विचारलं, की म्हणायचे, “पाठ दुखते गं.” मला आनंदच झाला होता, खरं सांगते. माझा एकुलता एक मित्र रोज आवारातच असायचा. पण पुलांच्या आणि म्हशींच्या गोष्टी संपल्या. ती वही पुढे कोरीच राहिली.

मॉडेल अचूक व्हावं म्हणून मी जुनी कागदपत्रं काढली. लॉगबुक आपल्या ऑफिसात असतं, दुरुस्तीचं रजिस्टर वर्कशॉपमध्ये. दोन खोल्या, मधे एक अंगण. या महिन्याच्या पाच तारखेला मी दोन्ही एका टेबलावर ठेवली. लॉगबुकमध्ये काकांच्या अक्षरात नोंद आहे: ‘गाडी मागे घेताना माझ्या हलगर्जीपणामुळे टाकीला धडक.’ वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये आहे: ‘पुढचा बंपर, डावा कोपरा, ठोकून सरळ केला.’ मी आपणा सर्वांना विचारते, मागे घेतलेल्या गाडीचा पुढचा कोपरा कसा वाकेल? चौकशी झाली, सह्या झाल्या, लाल शाईत शेरा पडला. त्यातल्या कोणीही गाडीला एक फेरी मारून पाहिलं नाही. मी हे कोणाला बोल लावायला सांगत नाही. मलाही सतरा वर्षांत ते दिसलं नाही.

मी काकांकडे गेले. ते रॅम्पवर होज गुंडाळत होते.

“काका, गाडी मागे घेताना पुढचा बंपर कसा वाकला?”

“जुनी गाडी होती. काहीही करायची.”

“काका.”

“कारकून झालीस ना गं? पोलिसासारखी चौकशी काय करतेस?”

“गाडी आपोआप पुढे गेली असं का नाही लिहिलंत?”

त्यांनी होज खाली ठेवला. म्हणाले, “तसं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? किल्ली कोणाच्या ताब्यात होती. ती तुझ्या बाबांच्या ताब्यात होती. त्यांची नोकरी गेली असती, क्वार्टर गेली असती. दमेकरी पोर घेऊन माणूस कुठे गेला असता? मी गाडीत होतो म्हटलं, विषय मिटला.”

“पण तुम्हाला रस्ता आवडायचा.”

“रस्ता कुठे पळून गेलाय? तिथेच आहे, फाटकाबाहेर.”

पाहुण्यांसाठी इथे आपल्या आवारातली एक पद्धत सांगते. निवृत्त होणारा चालक शेवटच्या दिवशी स्वतः गाडी चालवत फाटकाबाहेर जातो. आपण दोन्ही बाजूंना उभे राहतो. पण ज्याच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा आहे, त्याला स्टिअरिंग देत नाहीत. तो शेजारच्या सीटवर बसून जातो, गाडी दुसरा कोणी चालवतो. काकांचा शेवटचा दिवस येत्या शुक्रवारी, एकतीस तारखेला आहे. त्यांना शेजारी बसवून न्यायला कोण जाणार, त्याची यादी माझ्याच टेबलावरून गेली आहे.

काकांनी मला सांगितलं, “शेजारच्या सीटवरून बाहेरचं जास्त दिसतं. तू गप्प बस.” काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सतरा वर्षं घरातली स्कूटरसुद्धा धुवून पुसून ठेवतात, चालवत नाहीत. मी काय बोलू?”

मग मी वीस दिवस गप्प का बसले? हे सांगायला मला जड जातंय. काकांचा शेरा पुसायचा तर किल्ल्यांची गोष्ट लिहावी लागते आणि ती बाबांच्या नावावर जाते. ते आता उत्तर द्यायला नाहीत. त्यांच्यामागे त्यांचं म्हणून राहिलंय ते एवढंच, की त्यांच्या रजिस्टरमध्ये चूक सापडत नाही. इथले जुने लोक अजून तसं म्हणतात. मी घरी जाते तेव्हा ऐकायला दुसरं कोणी नसतं, म्हणून ते वाक्य मी बरोबर घेऊन जाते.

पण गेल्या सोमवारी मी भांडारात गेले. किल्ल्यांची फळी आता उंच आहे, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर. तिच्या खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर, भिंतीत चार भोकं आहेत. जुन्या खिळ्यांची. मला आठवलं, त्या दुपारनंतर दोन-तीन दिवसांनी बाबांनीच फळी वर लावली होती. मी विचारलं होतं, “बाबा, वर का?” ते म्हणाले होते, “खाली भिंतीला ओल येते.” बाबांनी मला शिकवलेल्या सगळ्या वाक्यांतलं हे एकच मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी भिंतीला हात लावला. खालपासून वरपर्यंत सगळी कोरडी आहे.

बाबांना किती माहीत होतं, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी फळी हलवली, एवढंच मला माहीत आहे. त्यावर जास्त काही बोलले तर तो अंदाज होईल. पण चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं, हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासाठीही तीच रीत मी वापरणार आहे. त्यांच्या बाजूला सही करायला आता मीच उरले आहे.

परवा मी या गाडीचा पुढचा बंपर काढला. तो मी आधी सरळ बनवला होता. ठोकळ्यांना पोचा पाडता येत नाही, ते एक तर बसतात नाही तर बसत नाहीत. म्हणून डावा कोपरा एक दाणा आत घेऊन पुन्हा बांधला. चार बोटांच्या सर्वांत जवळ तेवढंच जाता येतं. कार्यक्रमानंतर आपण सर्वांनी तो कोपरा पाहावा, अशी विनंती आहे. गाडीला एक फेरी मारून पाहावा.

काका, मी तुमची परवानगी घेतलेली नाही. तुम्ही दिली नसतीत. शुक्रवारनंतर खिडकीतून कोणी हाक मारणार नाही, हे मला कळतं, आणि त्यावर काही उपाय नाही. पण तुम्ही जाल ते स्वतः चालवत जावं, आणि बाहेर पहिला पूल लागला की मोजावा. वही माझ्याकडे आहे.

अध्यक्ष महोदयांनी मला पाच मिनिटांच्या जागी बराच वेळ दिला आणि मधे थांबवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. फोरमन साहेब, काकू, दुरुस्तीचं रजिस्टर शोधून देणारे वर्कशॉपमधले सगळे, आपले मनापासून आभार. आनंदाच्या समारंभात मी न शोभणारं काही बोलले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या एकटीच्या पदरात टाका, माझ्या बाबांच्या नको.

लॉगबुकातली नोंद बदलावी आणि शेरा काढावा, असा माझ्या सहीचा अर्ज या फाइलमध्ये आहे. दोन्ही रजिस्टरांच्या प्रती जोडल्या आहेत आणि किल्ली कोणी घेतली तेही लिहिलं आहे. तो मान्य होईल की नाही, मला माहीत नाही. वीस दिवस त्यावर तारीख टाकायचं धाडस झालं नव्हतं. आता खाली बसल्याबरोबर ती टाकते, परवाची: सोमवार, सत्तावीस तारीख. ऑफिस दहाला उघडतं. मी पावणेदहाला दाराशी असेन.